सरकीचं पोतं आणि आमचा उंच ओटा

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो त्यात तिखटमीठ घालील. मी सांगतो तर निदान तिखट माझं राहील.

आमचं गाव धुळ्याजवळ. इथं गल्लीत दर वेळी नवं काँक्रीट पडतं ते जुन्यावरच. गल्ली चढत जाते, घरं बसत जातात. समोरच्या नानाचं घर असं बसलं, की त्याचा उंबरा आता गल्लीला टेकलाय. मी मात्र दर वेळी ओटा उंच करत गेलो. वर बसून नानाला म्हणायचो, "नाना, पावसात दार लावून घे. माझं पाणी तुझ्याकडे पाहुणं येतंय."

मग आमच्या बायकोचं अर्धं अंग गेलं. गाव तिला अक्का म्हणतं. पोरानं धुळ्याहून चाकाची खुर्ची आणून दिली. पण घराबाहेर कशी काढायची? माझा ओटा म्हणजे किल्ला. एकदा चौघांनी उचलून खाली नेली, तर दिवसभर जेवली नाही.

"माले पोतं समजतस का? संध्याकाळी जिजीच्या दारात जाऊन बसायचं, इतकंच मागते. पण माझी मी जाईन."

जिजी म्हणजे नानाची बायको. दोघींची जुनी मैत्री.

खुर्चीसाठी ओट्याला उतार करायला गवंडी आला. म्हणाला, "आबा, उतार लांब घ्यावा लागेल. अर्धा ओटा फोडू."

मी म्हटलं, "तुझं डोकं फोडतो. ओटा राहू दे, त्याच्यापुढे आखूड उतार कर."

त्यानं केला. वरून मी स्वतः सिमेंट घोटून घोटून गुळगुळीत केलं. हौस हो. माशी बसली असती तरी घसरली असती.

आता पहिल्यांदा अक्काला कसं बसवायचं? म्हणून खुर्चीत सरकीचं पोतं ठेवलं. इथवर मी शहाणा होतो. मग हात शिवशिवले. जिजीला दचकवावं म्हणून पोत्याला अक्काचं हिरवं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि दिली सोडून.

खुर्ची जी सुटली, ती गल्ली ओलांडून थेट नानाच्या घरात. अडवायला उंबरा होता कुठं? आतल्या अंधारात काहीतरी धाडकन पडलं आणि जिजी तोंडाला पदर लावून बाहेर आली.

"अक्का गयी वं माय!"

बायका धावल्या. जिजीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. त्या वेळी मी "अहो, पोतं आहे ते" म्हणायला हवं होतं ना? पण मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलो. म्हटलं, चालू द्या थोडी गंमत. दोन गडी आत जायला निघाले, तर त्यांनाही अडवलं, "हात लावू नका रे. माहेरची माणसं येऊ द्या."

रीतच आहे, सगळे थांबले. कुणीतरी पाचोऱ्याला तिच्या भावाला फोनही लावला. नाना शेतातून धावत आला, चिखलाच्या पायानं.

आता माझी वाट बघणं सुरू. बायका अक्काचे काय काय गुण गातात ते ऐकू, मग उठून हसू.

जिजी डोळे पुसत म्हणाली, "सुटनी बिचारी."

दुसरी म्हणाली, "सुटनी वं, खरंच सुटनी."

गण्या शिंपी माझ्याकडे न बघता म्हणाला, "जन्मभर या माणसाची थट्टा सोसली माउलीनं. सुटनी."

गल्लीभर तेच चाललं. एकाला दुसरा शब्द सुचेना. मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या खिडकीतून आवाज आला. अक्का तिथंच बसली होती, पहिल्यापासून.

"जिजी, रडू नको. मी घरातच शे. सुटायचं तर आधी उतार नीट पाहिजे ना."

नाना आत गेला आणि लुगड्यासकट पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आला. माझ्या ओट्यावर ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाचोऱ्याचा मेहुणा रडत आला. बहिणीला बघून आणखी रडला. मग माझ्याकडे बघितलं आणि रडणं थांबवलं. चहा न घेता परत गेला.

दुसऱ्या दिवशी मीच पहार घेतली आणि ओटा फोडायला लागलो. लांब, कमी चढाचा, खरबरीत उतार झाला. आता अक्का रोज संध्याकाळी एका हातानं चाक फिरवत, एका पायानं रेटत नानाच्या दारात जाते, माझी मदत घेत नाही. तिथं ती खळखळून हसते. इतक्या वर्षांत मी सगळं गाव हसवलं, पण हे हसणं मला नवीनच. मी उरलेल्या ओट्यावरून बघत बसतो. कशावर हसतात ते ऐकू येत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही.

परवा ती परत आली तेव्हा जरा गोडीनं विचारलं, "अगं, उद्या मी गेलो तर लोक काय म्हणतील गं?"

खुर्ची न थांबवता म्हणाली, "माझ्याकडे बघून तेच म्हणतील. सुटनी बिचारी."