भट्टीवरचा मजला आणि चिलीचा पाहुणा

आम्ही लातूरची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाही. पाहुणा काहीही बोलो, आपण मान हलवायची, त्याच्या ताटात आणखी वाढायचं आणि तो स्टँडकडे वळला की आपल्या मनात असेल तेच करायचं. या आमच्या गोड स्वभावाचं कौतुक मी खूप ऐकलंय. ऐकवणारे सगळे बाहेरगावचे होते.

भूकंपाला महिना-दीड महिना झाला असेल. किल्लारीकडे घरं कशी बांधावीत हे सांगायला परदेशातून जी माणसं आली, त्यांत चिली देशाचा एक इंजिनिअर होता. तो लॉजवर उतरला होता आणि पाव आमच्या बेकरीतून न्यायचा. मी अकरावी सायन्सला होतो, म्हणजे मला इंग्रजी येतं असा घरात सगळ्यांचा समज होता. त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्याला भट्टी हवी होती. घरापासून लांब राहून तो कंटाळला होता आणि त्याच्या देशात पाहुण्यांना जे आवर्जून खाऊ घालतात ते त्याला आम्हाला करून घालायचं होतं. अब्बा म्हणाले, "हाव, खुशाल करा. भट्टी तुमचीच हाय." पाहुण्यानं आपल्या भांड्यांना हात लावणं अम्मीला मुळीच पसंत नव्हतं. पण तीही नाही म्हणाली नाही. फक्त तीन दिवस त्याच्या पाठीमागे पहारा देत उभी राहिली.

पहिल्या दिवशी त्यानं लाल भोपळा शिजवून मैद्यात मळला आणि गोल पुऱ्या लाटून तळल्या. पावसाळी हवेत तिकडे हे गुळाच्या पाकात बुडवून खातात म्हणे. शेजारणींकडून वर्षानुवर्षं आमच्याकडे घारगे येत, त्यामुळे अम्मीनं एकच घास खाऊन निकाल दिला, "घारगेच हायत. गूळ पिठात घालायचा राहिला बिचाऱ्याचा." एवढ्या लांबून आलेल्या माणसाची अशी दया येणं ही आमची खासियत. नवीन पदार्थ समोर आला की आम्ही आधी तो आपला कोणता आहे ते ठरवतो आणि मग तो कुठे चुकला ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी खिमा, भरपूर कांदा, मनुका आणि उकडलेल्या अंड्याची फोड भरून त्यानं मोठ्या करंज्या भट्टीत भाजल्या. आत बीसकट एक ऑलिव्हही घालतात, पाहुण्याला दात सांभाळा म्हणून आधी सांगावं लागतं, असं तो म्हणाला. लातूरच्या अख्ख्या गंजगोलाईच्या बाजारात तेव्हा ऑलिव्ह कुणी पाहिलंही नव्हतं. अम्मीनं न विचारता त्याऐवजी लिंबाच्या लोणच्याच्या फोडी पुढे केल्या. अब्बा खातच राहिले. ती करंजी आम्ही आजही विकतो आणि कल्पना आमचीच असल्याचं सांगतो.

तिसऱ्या दिवशी सर जेवायला होते. अहमदपूरकडून येऊन लातुरात शिकवण्या काढलेले हे सर घरी शाकाहारी होते, आमच्याकडे नव्हते. नांदेड, धर्माबादहून पोरांचे लोंढे येत होते आणि सरांना बसवायला जागा नव्हती. बेकरीवर एक मजला चढवून हॉल द्यायचा असं अब्बांशी त्यांचं ठरत आलं होतं. महिन्यापूर्वी जे गाव छताला भिऊन मैदानात झोपत होतं, त्याच गावात जो तो आपल्या छतावर आणखी एक छत घालायला निघाला होता. पहिल्या बॅचमध्ये मला घेण्याचं सरांनी कबूल केलं होतं. हे सगळं मी पाहुण्याला कौतुकानं सांगितलंही होतं.

इंजिनिअरनं कोवळा मका वाटून खिम्यावर थापला, वर साखर भुरभुरली आणि मातीच्या वाडग्यांत भाजला. खिम्यावर साखर बघून सरांचा चेहरा पडला, तरी तोंडानं ते "वा, वा" म्हणत होते. अम्मी हळूच ठेचा फिरवत होती. खूश होऊन पाहुणा सांगू लागला की त्यांच्याकडे एका पेयाचं नावच भूकंप आहे. वाइनमध्ये आइस्क्रीम घालतात, एक पेला प्यायला की जमीन हलते. मी मराठीत सांगितलं. कुणी हसलं नाही.

अब्बांनी विचारलं, "त्यांच्याकडं माणसं मरत न्हाईत का?"

मी विचारलं. तो म्हणाला, मरतात, म्हणूनच मी भिंती बघत फिरतो. मग वाडगा खाली ठेवून तो उठला, भट्टीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यानं उचललं आणि मागच्या उभ्या भेगेत चार बोटं घातली. माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. ही भिंत आहे तेवढंच ओझं कशीबशी पेलतेय. हिच्यावर मजला चढवला, तर पुढच्या हादऱ्यात तो मुलांसकट खाली येईल. बांधू नका. वडिलांकडून तसं वचन घे.

सगळे माझ्याकडे बघत होते. सर जास्त.

मी म्हणालो, "भिंत जरा कमजोर हाय म्हणतेत. काळजी घ्या म्हणतेत."

"हाव साहेब," अब्बा म्हणाले, "घेऊ की काळजी." आणि त्यांनी पाहुण्याला आणखी वाढलं. कबूल केलं का त्यांनी, असं त्यानं मला विचारलं. मी इंग्रजीत हो म्हणालो. त्याला इतकं बरं वाटलं की तो वाढलेलं सगळं संपवून उठला.

उन्हाळ्यात मजला झाला. भेगेवर गिलावा बसला. मी पहिल्या बॅचमध्ये शिकलो, डॉक्टर काही झालो नाही, पावच भाजतोय. अब्बांना ते पूर्ण वाक्य मी कधीच सांगितलं नाही. ते गेले, आता सांगायला कुणी उरलं नाही. मला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटत असतानाही वरचा हॉल चालू आहे. सरांच्या नंतर दुसरे सर आले, पोरं आणखी वाढली.

या वर्षी माझी मुलगी अकरावीला आहे. वरच्याच हॉलमध्ये ती जिन्याजवळच्या बाकावर बसते, तिथं वारा येतो असं मी तिला सांगितलंय. बाकीची पोरं मिळेल त्या जागी बसतात.