पत्रिकेखालची ओळ

आधीच माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली. मुलगी म्हणाली, मोबाइलवर नुसतं बोल, तो आपोआप लिहितो. पण मला हे हातानेच लिहायचं आहे. का, ते पुढे कळेल.

तुमच्या मासिकातले असे अनुभव मी दुपारी वाचायचे आणि मनात म्हणायचे, लोकांना बराच वेळ आहे. आमच्या घरात भूत-बाधा कोणी मानत नाही. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे माझ्या सासऱ्यांनीच बंद केले. तरी हे झालं.

आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. तळमजल्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर आहे. आमचे हे त्यावर पत्रिका बनवायचे... लग्नाच्या, बारशाच्या, माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या. आजारपणात त्यांनी मला थोडं शिकवलं. जुनी पत्रिका उघडायची, नावं बदलायची, छापायची. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या त्यांनीच चिकटवून दिल्या. ते गेल्यावर त्यावरच माझं घर चाललं.

प्रत्येक पत्रिकेच्या खाली कोपऱ्यात बारीक ओळ असायची. ‘अक्षरजुळणी’ आणि पुढे त्यांचं नाव. ती मी कधी बदलली नाही. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही कधी घेतलं नाही. शेजारी त्यांना ‘पल्लवीचे पप्पा’ म्हणायचे. ते नाव रोज डोळ्यांसमोर यायचं ते त्या ओळीतच.

पल्लवी माझी मुलगी, घोडबंदर रोडला ऑफिसात आहे. कॉम्प्युटर फार हळू झाला म्हणून सुट्टीच्या दिवशी तिने बघितला. स्क्रीनवर कसलीशी जाहिरात आलेली, फुकट तपासून देतो म्हणून. तिने तपासलं. सगळी स्क्रीन लाल झाली.

“आई, रजिस्ट्री खराब झालीये. साफ करायचे पैसे मागतंय.”

“रजिस्ट्री तर घराची असते ना?”

“अगं, कॉम्प्युटर स्वतःजवळ नोंदी ठेवतो, कुठे काय आहे त्याच्या. आता जे नाहीये त्याच्याही नोंदी पडून राहतात. त्या काढायच्या.”

“पडून राहिल्या तर काय बिघडतं?”

“तूच डोकं खातेस ना, हळू झालाय म्हणून.”

तिने पैसे भरले. कॉम्प्युटर ह्यांच्या नावावर होता, म्हणून खरेदीतही त्यांचंच नाव आपोआप आलं. मग ‘सर्व साफ करा’ दाबलं. लाल रेघा एकेक करून पांढऱ्या होत गेल्या. मी भाजी निवडत होते. का कोण जाणे, मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी एकही पत्रिका वाचता येईना. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि इंग्रजी खुणा. एका घरची लग्नपत्रिका द्यायची होती. मी समीरला फोन केला. समीर डोंबिवलीचा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ह्यांच्याबरोबर कितीदा याच खोलीत चहा पीत बसलेला.

“वहिनी, हे असलं कशाला टाकता? जुन्या नोंदी राहिल्या तर काही होत नाही, आणि काढल्या तरी मशीन पळत नाही. घाबरवून पैसे काढतात नुसते. ह्याने तुमच्या मराठी फॉन्टचीच नोंद उडवली.” जुनी नोंद सांभाळून ठेवलेली असते, ती त्याने परत बसवली. अक्षरं आली. मला हायसं वाटलं. मग निघताना त्याने विचारलं, “मशीन आधी कोण वापरायचं?”

मला वाटलं, थट्टा करतोय. “अरे, तुझे दादा.”

“कोण दादा?”

“मग मला वहिनी का म्हणतोस?”

तो कसंनुसं हसला. “सवय झालीये.” आणि पैसे न घेताच गेला.

मी पत्रिका उघडली. सगळं जागेवर, खालची ओळ तेवढी नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली... नाही. पल्लवी म्हणाली, “समीरकडून राहिलं असेल काहीतरी. तू टाइप कर ना परत.” केली. स्क्रीनवर दिसली. छापून कागद हातात घेतला तर कोपरा कोरा.

इथपर्यंत मशीनचा बिघाड म्हणता येईल. मीही तेच म्हटलं.

पण मन राहीना. मी समोरच्या शिंदेकाकूंकडे गेले. कोणाकडे काही मागायला मला फार जड जातं, तरी त्यांच्या सुनंदाच्या लग्नाची पत्रिका मागितली. त्यांनी ती साडीच्या घडीत जपलेली. ह्यांनी स्वतः बनवलेली, कॉम्प्युटर साफ करायच्या कितीतरी आधी छापलेली. सोनेरी अक्षरं तशीच्या तशी. खाली कोपऱ्यात काही नाही. पुसल्याचा डागसुद्धा नाही.

“काकू, इथे एक ओळ होती ना?”

काकूंनी चष्मा लावून बघितलं. “इथे? नाही गं. कोणी बनवली होती ही, तूच ना?”

मी हो म्हणून घरी आले.

संध्याकाळी पल्लवीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “पप्पांच्या कुठल्या हातावर तीळ होता?” लहानपणी ती तो तीळ खरवडून काढायला बघायची. तिने आधी स्वतःचा उजवा हात बघितला, मग डावा. मग चिडून म्हणाली, “असं काय विचारतेस?” आणि आत जाऊन रडली.

डाव्या. डाव्या हातावर, मनगटापाशी.

आता मी प्रत्येक पत्रिकेखाली पेनने लिहिते... अक्षरजुळणी, मधुकर. इथेही लिहिलं. सकाळी उठून आधी बघते. अजून तरी शाई आहे. तुमच्याकडे पोचेपर्यंत असेल का, सांगता येत नाही. कागदावरचं कसं गेलं, ते समीरला, पल्लवीला, मला कोणालाच कळलेलं नाही.

पल्लवीने त्या साफ करणाऱ्या कंपनीकडे पैसे परत मागितले होते. मी म्हटलं होतं, राहू दे, निदान तिथे तरी त्यांचं नाव राहील. तिने ऐकलं नाही. काल उत्तर आलं, तिने मराठी करून वाचलं. या नावाची आमच्याकडे कुठलीही नोंद नाही, त्यामुळे ही रक्कम आम्हाला ठेवता येत नाही.

दुपारी पैसे परत आले. पूर्ण.