जनूकाकांच्या सोयरिकी

रविवारी दुपारी जनूकाका कालवणाला बाटली दाखवायचे. हे मी अलंकारिक लिहीत नाही. टोपावरचं झाकण उचलायचे, वाफेत नाक घालायचे, आणि फ्रिजमधून काढलेली वाइनची बाटली त्या वाफेजवळ धरून म्हणायचे, "ही पांढरी. नाशकाकडची. घराणं साधं, पण बोलाला गोड. आणि हे आमचं सुक्या बोंबलाचं कालवण, स्वभावानं तापट. बघू, पटतंय का." कोणत्या जेवणाला कोणती वाइन, या विद्येला मोठ्या हॉटेलांत काही इंग्रजी नाव असेल. काका तिला सोयरीक म्हणत.

मी कोण, तर काकांच्याच शिरगावात दारूच्या दुकानाविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी. माझं मत आजही बदललेलं नाही. दारू ती दारू, मग ती देशी असो नाहीतर द्राक्षाची. त्यामुळे या माणसाबद्दल लिहायला बसल्यावर हात प्रेमानं चालतोय, याचा मला थोडा रागच येतो.

पहिली भेट सह्यांसाठी झाली. शाळेच्या रस्त्यावर नवं वाइन शॉप उघडलं होतं आणि आम्ही पेटलो होतो. पुरेशा बायकांनी सह्या केल्या की मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्या भागातल्या बचत गटाच्या प्रमुख सुमनकाकू, म्हणजे जनूकाकांच्या पत्नी. त्यांची एक सही पडली की अख्ख्या गल्लीच्या पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दार काकांनी उघडलं. मी छाती भरून सुरुवात केली, "काका, यंदा आडवी बाटली!"

"आमची पहिल्यापासून आडवीच आहे," काका म्हणाले आणि मागे बोट दाखवलं. तांदळाच्या पिंपावरच्या फळीवर, पापडाच्या डब्याशेजारी, एक बाटली खरंच आडवी झोपली होती. "बूच ओलं रायला पायजे गो बाय. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा शिरते, आंबट होते. उभ्या बाटलीला माझा पण विरोध आहे."

मी तिथूनच परत फिरणार होते. पण काकांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि मथळ्यावर गोल केला. मथळा होता, 'वाइन शॉप हटवा, संसार वाचवा'.

"चूक आहे."

"शुद्धलेखनाची?"

"मालाची. वाइन शॉपात वाइन असते, हे तुला कोणी सांगितलं? जाऊन माग. तो विचारतो, 'कौन सी वाइन, क्वार्टर की हाफ?'"

मी म्हटलं, असल्या शब्दांच्या कसरती लोकांचे संसार उद्ध्वस्त करतात. काका म्हणाले, "असेल. तू आधी पाणी पी."

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत होते. आयुष्यभर वासावरून माल ओळखला. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवळात जातात, यांनी नाकाला दुसरं काम लावलं. बाटली आणायला जायचे उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, तांदळाची पिशवी घेऊन. तिथला सिंधी दुकानदार धूळ पुसून बाटली पुढे करायचा. "काका, इसको पूछनेवाले पूरे कॅम्प में आप अकेले हो. मैं तो खुद नहीं पीता." सगळ्यांत स्वस्त फळीच्या वर काकांची नजर कधी गेली नाही. "जेवणापेक्षा बाटली भारी झाली," ते म्हणत, "की जेवण बिचारं लाजतं. मुलीपेक्षा वऱ्हाड मोठं, असं होतं."

त्यांचे नियम मला पाठ झाले, इच्छा नसताना. मासळीला पांढरी. मटणाला लाल, पण मसाला बेताचा असेल तरच. "तिखटाला लाल दिलीस की दोघं भांडतात आणि मार खाते जीभ." झणझणीत काही असलं की थोडी गोडसर पांढरी. वालाच्या बिरड्याला कुठलीही चालते, बिरडं समजूतदार असतं. गुलाबी मात्र दोन्ही घरी नांदते. सणाच्या नैवेद्याच्या जेवणाला काही नाही. "देवाला विचारलं नाय, ते ताटात नाय." एकदा मी कुठेतरी वाचलेलं शहाणपण सांगितलं, की लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची असते. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कोणाच्या खोलीच्या? मे महिन्यात माझ्या खोलीत ठेव, सार होईल." लाल बाटलीसुद्धा फ्रिजमध्येच, कोथिंबिरीच्या मागे. आणि पेले स्टीलचे. प्रत्येकाला एकच, तोही अर्धा. उरलेली बाटली बूच लावून पुढच्या दोन दिवसांच्या भाजीत. काकांच्या घरची वांगीसुद्धा संस्कारी होती.

आता मुद्द्यावर येते. काकू सही करत नव्हत्या. मी चार वेळा गेले. हिंसाचार, कर्ज, आजार, सगळं वाचून दाखवलं. त्या मान हलवायच्या, चहा द्यायच्या, पेनाला हात लावायच्या नाहीत. शेवटी मी सरळच विचारलं, "काकू, नवऱ्याला घाबरता का?"

काकू हसल्या. "याला? अगो, याला कोण घाबरतं?" मग हसणं थांबवून म्हणाल्या, "तुझ्या कागदावर वाइन लिवलंय. दुकान बंद करा, माझं काय जात नाय. पण वाइन बंद झाली तर माझं बसणं जाईल."

मला कळेना. काकूंनी मला रविवारी जेवायला बोलावलं. मी गेले, विरोधकाची बाजू समजून घ्यावी असं आम्हाला दारूबंदीच्या शिबिरात शिकवलं होतं. पाच ताटं मांडली होती. मुलगा नितीन बसला, काका बसले, मला बसवलं. बाटली मधोमध. कोणी हात लावेना. सून स्वाती आली, बसली. काकू आतून म्हणाल्या, "तुमी घ्या, मी गरम भाकऱ्या टाकते."

"उघडणार नाय," काका म्हणाले.

"अवो, पाहुणी आहे."

"पाहुणीला पण उघडणार नाय. एकदा बूच काढलं की तिचा वास उडतो, ती कोणासाठी थांबत नाय. म्हणून आपण थांबायचं."

काकू भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या आणि बसल्या. मगच बूच निघालं. काकूंच्या पेल्यात कोकम होतं. वाइन त्यांनी एकदाच तोंडाला लावली होती आणि 'तुरट पाणी' असा निकाल दिला होता. पण लग्नानंतर तीस वर्षं त्या घरात बायका पुरुषांच्या मागून, उरलेलं, गार झालेलं जेवल्या होत्या. काका तेव्हा शिफ्ट सुटल्यावर दुकानाच्या काउंटरला उभ्यानंच क्वार्टर मारून घरी यायचे आणि मुकाट जेवून झोपायचे. ते हे झाकून ठेवत नसत. "उभ्यानं पितो तो एकटा पितो," ते म्हणाले. "ही बसून प्यायची चीज. आणि बसायचं तर सगळ्यांनी."

मी त्या ताटावर बसून मनात एक जळजळीत परिच्छेद तयार केला होता, की स्त्रीला तिच्याच घरात बसायला बाटलीचा वशिला लागतो. परिच्छेद उत्तम होता. फक्त तो लिहिताना आठवलं, की मी इथे जेवत होते तेव्हा माझी आई घरी माझ्या बाबांना वाढत होती.

मथळा बदलला. 'वाइन शॉप' गेलं, 'दारूचं दुकान' आलं. मुद्रितं काकांनी तपासली. काकूंनी सही केली, मागोमाग गल्लीनं केली, मतदान झालं आणि आडवी बाटली जिंकली. आम्ही गुलाल उधळला. जनूकाकांनीही उधळून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन कॅम्प तीनला गेले. दुकान पुढच्या वॉर्डात उघडलं. तिथं आता आमचं दुसरं पत्रक चालू आहे.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. बँकेच्या रांगेत उभे असताना छातीत कळ आली, एवढंच. गल्लीनं लगेच निदान केलं, "पीत होते ना." गुटखा खाऊन थुंकत थुंकत हे सांगणाऱ्यांची नावं मी इथे लिहिली असती, पण जागा कमी आहे.

महिन्या-दीड महिन्यानं काकूंनी पुन्हा जेवायला बोलावलं. रविवार होता. नितीन ताटावर बसला, मी बसले. त्यानं घास तोडला. काकू आत तव्यापाशी उभ्या होत्या, स्वाती वाढत होती. मी म्हटलं, "काकू, या ना."

"जेव तू. गरम गरम टाकते."

"पण तुम्ही तर बसायचात."

"अगो, ते बाटलीसाठी होतं," काकू म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला ऐकवेना. "आता कशाला खोळंबायचं सगळ्यांनी?"

मी तोंड उघडलं. पत्रकाचा पहिला परिच्छेद जिभेवर तयार होता. त्याआधी स्वाती आत गेली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"अगो, पीठ भिजवलंय मी!"

"ऱ्हाऊ दे. आई, चला. नितीन, तो घास खाली ठेव."

नितीननं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि घास ताटात ठेवला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, इकडेतिकडे बघत, जशा काही त्याच पाहुण्या आहेत. बसल्या. आणि त्या घरात पहिल्यांदाच, काहीही न उघडता, सगळ्यांचं जेवण एकदम सुरू झालं.