किन्नर साइड

नऊ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून सलवारच्या उजव्या पायावर बाहेरच्या बाजूला लागलेलं काळं ग्रीस घासत होते. भांड्यांचा साबण लावायचा, गरम पाणी ओतायचं, पुन्हा घासायचं. डाग पसरत होता, निघत नव्हता.

"सायकलच्या चेनचं का?" नवऱ्यानं पलंगावरून विचारलं.

"हो," म्हटलं. खोटंच सांगितलं.

माझा नवरा पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर होता. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, पाय आला नाही. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे, त्यामुळे घर आता माझ्या नोकरीवर चालतं. दिवसभर त्यांच्याजवळ आमच्या निघोजे गावातल्याच एक मावशी असतात. साडेपाचला त्या निघतात, कारण पुढच्या घरी एक अंथरुणाला खिळलेली आजी त्यांची वाट बघत असते. माझी सुट्टी पाचला. कंपनी तशी जवळच आहे, पण कंपनीची बस सगळ्यांना सोडत, प्रत्येक चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकत यायची, आणि मी घरी पोचेपर्यंत सात वाजून जायचे.

मधल्या वेळात ते एकटे. डायपर बांधू द्यायला तयार नव्हते. "ते मेल्यावर बांधा," म्हणाले. वॉकर धरून स्वतः जायचा हट्ट. ऑगस्टमध्ये एकदा मी दार उघडलं तर बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेले होते. कपडे ओले, कपाळ फुटलेलं. किती वेळ पडून होते ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात पार्किंगमधून मुलीची सायकल काढली. मुलगी आता बंगळूरला असते. स्कूटर मला येत नाही, आणि या वयात कंटेनरांच्या गर्दीत ती शिकायची माझी तयारी नव्हती. सायकल मात्र शाळेत असताना चालवलेली.

पहिल्या दिवशी ओढणी मागच्या चाकात गेली. दुसऱ्या दिवसापासून ओढणी पिशवीत. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, स्टाफमधलं कुणी सायकलवर येत नाही हो. ठेवू कुठं मी ही?"

"डोक्यावर ठेवा," म्हटलं. त्यानं ती जनरेटरच्या मागे लावायला सांगितली.

धूळ इतकी की तोंडाला बांधलेला रुमाल रोज धुवावा लागायचा. लेथवरून निघालेल्या लोखंडाच्या कुरळ्या चिपा रस्त्यावर पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये घुसायच्या. पंक्चरवाला चिमट्यानं चीप काढून मला दाखवायचा आणि म्हणायचा, "घ्या ताई, तुमच्याच कंपनीचा माल."

पण मजाही वाटत होती. संध्याकाळी सगळा रस्ता ठप्प असायचा, आणि मी डाव्या कडेनं पुढे. एकदा आमचे प्लँट मॅनेजर गाडीत सीट मागे पाडून बसलेले दिसले. त्यांनी काच खाली केली. "काय मॅडम, चाललात?" "चालले सर. सकाळी भेटू." घरी पोचायचे तेव्हा मावशींच्या पायात नुकती चप्पल गेलेली असायची. पुढचे तीन महिने नवरा पडला नाही. मला तेवढंच हवं होतं.

डाव्या कडेबद्दल सांगायला हवं. ट्रकच्या डाव्या बाजूला आमच्याकडे किन्नर साइड म्हणतात. किन्नर म्हणजे क्लीनर. पूर्वी तो त्या बाजूला बसायचा. वळताना खिडकीतून अर्धा बाहेर यायचा, दारावर थापा मारायचा, "आने दो, आने दो" किंवा "रोक रोक" ओरडायचा. आता माझ्या डिस्पॅचच्या खिडकीवर बहुतेक ड्रायव्हर एकटेच येतात. नोव्हेंबरमध्ये एका नगरकडच्या ड्रायव्हरला मी विचारलं, "तुमचा किन्नर कुठाय?"

"मालकानं काढला, मॅडम. आता मीच ड्रायव्हर, मीच किन्नर."

"मग डावीकडचं कोण बघतं?"

"आरसा हाय की. आरशात नाही दिसलं तर देव बघतो." त्यानं हसत गेटपास घेतला. मीही हसले, आणि त्या संध्याकाळी पुन्हा डाव्या कडेनंच घरी आले. दुसरी कडच नाही.

त्या मंगळवारी चौकात एक लांब ट्रेलर उभा होता. मी त्याच्या शेजारून पुढे जात होते. तो सुटला आणि डावीकडे वळायला लागला. ट्रेलरचं तोंड पुढे निघून जातं, पण मागची चाकं कोपरा कापत आत येतात, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या एका बाजूला चाकं, दुसऱ्या बाजूला गटाराचा कठडा. मधली जागा कमी होत होती. सायकल कठड्याला घासून थांबली. चाकाच्या मधलं ग्रीसनं माखलेलं लोखंड माझ्या पायाला लागलं. मला ओरडता आलं नाही.

चहाच्या टपरीवरचे दोघे धावले आणि ट्रेलरच्या पत्र्यावर हातांनी धडाधड मारायला लागले. "ए थांब! थांब! बाई हाय खाली!"

ट्रेलर थांबला. ड्रायव्हर उतरून पुढून फिरून आला. तरुणच होता. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "ताई, आईशप्पथ, दिसला नाहीत."

"माहीत आहे," म्हटलं. टपरीवाला त्याची कॉलर धरायला निघाला होता, त्याला मी आवरलं. दोघांनी मला ओढून बाहेर काढलं, सायकलही काढली. पाय खरचटला होता, बाकी धड होते. सायकल ढकलत घरी आले.

सलवार पिळून दोरीवर टाकली आणि बाहेर आले. नवरा तिच्याकडेच बघत होता.

"चेनचा डाग आतल्या बाजूला लागतो," ते म्हणाले.

मी दोरीवरची सलवार सारखी केली.

"पाय दाखव."

दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. आयुष्यभर मशीनखालून माणसांचे हात काढलेले, त्यांना समजवायची गरज नव्हती.

"उद्यापासून बसनं जा."

"आणि तुम्ही? पुन्हा पडलात म्हणजे?"

"मी पडलो तर फरशीवर पडेन. तू कुठं पडशील?"

"जागेवरून उठू नका मग. बसून राहाल का मी येईपर्यंत?"

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. तिकडेच बघत म्हणाले, "मावशीला फोन लाव. ते बांधायचं आणायला सांग."

मी लावला. मावशी म्हणाल्या, "आणते की ताई. त्या आजीला मीच बांधते रोज. तुमी काळजी करू नगा. लाजंचं काय न्हाई त्यात." फोन स्पीकरवर होता. मी स्पीकर बंद करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाकीट घेऊन आल्या. पाण्याची बाटली, बिस्किटं, रिमोट आणि फोन मी नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवले. वॉकर उचलून गॅलरीत नेला. मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी निघताना मी बांधीन." मी म्हटलं, मापाला बसतंय का ते आधी बघू. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि पहिल्यांदा मीच बांधलं. एक पट्टी उलटी लागली, ती काढून नीट लावली. ते डोळे मिटून पडून होते. मग मी हात धुतले, डबा घेतला आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.