बाबांचं घड्याळ
डिझेलचा वास आला की गोव्याचा धक्का आठवतो. वाशीच्या खाडीत होडी चालवणारे बाबा आम्हाला आगबोटीने तिथे घेऊन गेले होते. तान्ह्या भावाला घेऊन आई बोटीवरच थांबली आणि आम्ही दोघं जुनं बंदर बघायला उतरलो. माझा जीव परतायच्या वेळेत अडकलेला, बाबा मात्र ओहोटीचा चिखल दाखवून म्हणाले, "पानी भरल्याबिगर बोट सुटाची नाय गो." तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला; ती भरतीवर नव्हे, घड्याळावर सुटणारी. आम्ही धावत सुटलो. शिडी उचलता उचलता खलाशांनी आम्हाला वर ओढलं. आई कठड्याशी रडत होती. घरी येताच बाबांनी घड्याळ घेतलं. मग आमच्या खाडीत होडी लोटतानाही ते आधी मनगटाकडे बघत. खाडीपुलावरून जाताना मी मात्र अजून पाण्याकडेच बघते, भरती आहे की ओहोटी ते.