आईच्या कपाटाचा रंग

आमच्या घरात रागाला मान होता. बाबांचा राग नाकावर, आणि तो माझ्यात जसाच्या तसा उतरलेला. ताटं भिरकावणं, दारं आपटणं, आईच्या लोखंडी कपाटावर लाथा घालणं हे आमच्याकडे नेहमीचं. पाहुण्यांना सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं: यांचा राग वस्तूंवर निघतो, माणसावर कधी हात उचलला नाही. लग्न ठरताना मी सासरच्यांनाही हे ऐकवलं होतं, आणि तेही अभिमानाने. पुढे माझ्या हातून मोबाईल आणि मिक्सर भिंतीवर फुटले, तेव्हा याच वाक्यावर मी निभावून नेलं.

लाथ घातली की दुसऱ्या दिवशी बाबा बाजारातून लांबी, म्हणजे पुट्टी, आणायचे, पत्र्याला पडलेला खळगा भरायचे, घासून सपाट करायचे आणि वरून रंग द्यायचे. आम्ही समजायचो, झालं, पश्चात्ताप झाला.

ते कपाट आईला माहेराहून आलेलं. आमच्या भाट्याच्या समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचे पाय गंजले आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन या दोघांचं करायला माहेरी येऊन राहिले, तेव्हा बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाक गो ते." मलाही पटलं. पण जिने उद्या भाजी कुठली करायची हेही कधी स्वतःच्या मनाने ठरवलं नाही, ती आई कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"भंगारात जायचं नाय. रंग काढायचा. सगळा. मला खालचा पत्रा बघायचाय."

बाबा ओरडले, वाटी फेकली. ती हलली नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा हट्ट का, ते मला कळेना. पण आईचा आयुष्यातला हा पहिला हट्ट होता आणि कपाटाला धक्का न लावता तो पुरवायचाच, असं मी ठरवलं.

आधी पॉलिश पेपर घेतला. कपाटाचं एक दार घासतानाच माझी बोटं सोलून निघाली. रंग उतरवायचं रसायन आणलं, ते मनगटावर उडालं आणि मी बोंबलत मोरीकडे धावले. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला, तर तो उसळून थेट पोटाशी आला आणि गाऊन फाडून गेला. मी ग्राइंडर विहिरीत टाकणार होते. मग कळलं की हवेच्या जोरावर बारीक कणांचा मारा करून रंग सोलणारी बंदूक मिळते, आणि ती घरीही वापरता येते.

दुकानात दोन प्रकार होते. एकात टाकीत कण भरून त्यावर हवेचा दाब देतात, आणि ते सुसाट सुटतात. दुसऱ्यात बंदूक नळीने बादलीतले कण ओढून घेते. मारा हलका, वेळ जास्त. दुकानदाराने दाबाची टाकी चालवून दाखवली. गंजका पत्रा धरला, घोडा दाबला, आणि बघता बघता पत्र्याला भोक. मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, पुन्हा दाखवा. खरं सांगते, मला तीच हवी होती. घरी नेऊन दिसेल त्याला भोकं पाडावीत असं वाटत होतं. पण कपाटाचा पत्रा पातळ. त्या माऱ्याने तो पापडासारखा वाकला असता. नाइलाजाने ओढणारी बंदूक घेतली आणि गॅरेजमधून चांगला मोठा कॉम्प्रेसर आणला, कारण छोट्यातली हवा घोडा दाबेपर्यंत संपते.

आता कण. भाट्यात राहून वाळू कोण विकत आणणार? किनाऱ्यावरून घमेलंभर उचलून आणली, वाळवली आणि एका जुन्या कडीवर मारून बघितली. सकाळी कडी गंजून लालभडक. समुद्राच्या वाळूतलं मीठ! शिवाय वाळूच्या त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात हे वाचलं, आणि स्वतःलाच सणसणीत शिव्या घातल्या. शेवटी करवंटीची भरड मिळाली. ती पत्र्याला न दुखवता रंग सोलते. पायांच्या गंजापुरते वेगळे टोकदार कण घेतले.

कपाट मागल्या अंगणात आणलं. मास्क, चष्मा, हातमोजे चढवले आणि घोडा दाबला. काय तो आवाज! पिवळा रंग उडाला, त्याखालचा हिरवा, त्याखालचा चॉकलेटी. बाबा ओटीवरून शिव्या देत होते आणि मला भयंकर मजा येत होती. मग लांबीचे ढपले पडायला लागले. खाली गुडघ्याच्या उंचीवर खळगे निघाले, लाथांचे. मी आईला हाक मारून हसत दाखवले.

ती त्यांच्याकडे बघेना. "वरचं काढ," म्हणाली.

वर माझ्या खांद्याच्या उंचीवर लांबीचा मोठा थर होता. तो निघाला आणि खाली गोल, खोल खळगा दिसला. तिथे लाथ पोचणं शक्य नव्हतं. मी कॉम्प्रेसर बंद केला, मास्क आणि चष्मा काढला. आई पुढे आली, कपाटाला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने टाचा उचलल्या. तिचं डोकं त्या खळग्यात नेमकं बसलं.

"तेव्हा उंच होते मी," ती म्हणाली. "तू शाळेत असायचीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा भरलेली होती आणि हातात बंदूक होती. दुसऱ्या हाताने कणांची बादली उचलली. मी तशीच घरात निघाले. बाबांच्या तोंडावर ती रोखून घोडा दाबायचा, एवढंच डोक्यात होतं. नळी स्वयंपाकघराच्या दाराशी ताणली गेली. पुढे पुरेना. मी तिथल्या भिंतीच्या जांभ्या चिऱ्यावर मारा केला. लाल भुगा डोळ्यांत, तोंडात गेला, तरी थांबले नाही. हवा संपली तेव्हा मी मोठमोठ्याने रडत होते.

आईने माझ्या हातून बंदूक घेतली. मग ओटीवर जाऊन म्हणाली, "अहो, उठा. बघून घ्या." वॉकर धरून बाबा आले. कपाटापाशी थांबले. त्यांनी वरच्या खळग्यावरून अंगठा फिरवला.

"लांबी भरायला हवी," ते म्हणाले. "दोन हात मारायला लागतील."

"भरायची नाय," आई म्हणाली.

पुन्हा गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून मी तिने सांगितलेला पांढरा रंग दिला. खळगे तसेच ठेवले. कपाट कुठे ठेवायचं तेही तिनेच सांगितलं. ते आता ओटीवर आहे, बाबांच्या खुर्चीसमोर. उजेड तिरका पडला की वरचा खळगा जास्तच दिसतो. बाबांना स्वतः खुर्ची हलवता येत नाही.

"खुर्ची जरा फिरव गो," ते रोज म्हणतात.

मी फिरवत नाही.