कापलेली ओळ आणि काळ्या कपड्यांची टोळी

माझी नात पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. काय काम, ते मला बरेच दिवस कोणी नीट सांगितलं नाही. विचारलं की तिची आई म्हणायची, "कम्प्युटरचं." हे काही उत्तर झालं नाही. म्हणून मी माझा बाक तिच्या खोलीच्या दाराशी सरकवला. घर माझं, बाक माझा. कुठे बसायचं ते मला कोणी सांगायचं कारण नाही.

एका दुपारी आतून तिचा आवाज आला. "त्याला आज संपवला नाही, तर उद्या सगळं शहर मरेल." थोडी थांबली आणि तेच वाक्य पुन्हा, जरा दबक्या आवाजात. मी दार ढकललं.

"कोणाला संपवतेस?"

ती दचकली, मग हसायला लागली. "आबा, बरं झालं आलात. मला सांगा, असं बोलतात का हो माणसं?"

पडद्यावर चित्रं होती. चौकटी-चौकटीत माणसं आणि त्यांच्या तोंडातून निघालेले पांढरे फुगे. बाहेरच्या देशातलं कॉमिक आहे म्हणाली, आणि फुग्यांतलं बोलणं मराठीत करायचं हे तिचं काम. याचा पगार मिळतो यावर माझा अजून विश्वास नाही, पण मिळतो.

गोष्ट मात्र तिनं नीट सांगितली. त्यात पाच जण आहेत. एकीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. एकाचा उजवा हात लोखंडाचा. एक धूर होऊन दाराखालून जातो. कपडे सगळ्यांचे काळे. त्याच देशात दुसरे वीर आहेत, ते उघड्यावर लोकांना वाचवतात आणि त्यांच्या मिरवणुका निघतात. त्या वीरांना या पाच जणांचा पत्ताच नाही. जे काम उघड केलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, ते हे गुपचूप करतात.

"आमच्या मारुतीनं डोंगर उचलला तो सगळ्यांसमोर," मी म्हणालो. "काळे कपडे कशाला घालतात? स्वतःलाच लाज वाटते म्हणून."

"पण काम तर करावंच लागतं ना, आबा. हा माणूस बघा. हा शहराच्या पाण्यात विष टाकणार आहे."

"टाकलं?"

"अजून नाही. टाकणार, असं यांना वाटतं. यांचा म्हातारा म्होरक्या हो म्हणाला की हे त्याला मारणार. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"हो म्हटलं असतं. पाण्यात विष म्हणजे काय खेळ आहे?"

"लवकर ठरवलंत."

"ठरवायला वेळ भित्र्याला लागतो," मी म्हणालो. आणि तिची चूकही काढून दिली. "'संपवला' लिहू नको. अशी माणसं कामाचं नाव घेत नाहीत. 'त्याचं बघून घेतो' म्हणतात." तिला ते पटलं. तिनं लगेच बदललं. मी तिसरी शिकलेला माणूस, पण माणसं कशी बोलतात ते मला शिकवायची गरज नाही.

त्यानंतर दोनतीन दिवसांत माझी केळी कापली गेली.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या तापीकाठी कोणावर राग असला तर त्याला मारत नाहीत, त्याची केळी कापतात. घड भरत आले असताना रात्री येतात आणि कंबरेएवढ्या उंचीवर ओळच्या ओळ आडवी करतात. दीड वर्ष लेकरासारखी वाढवलेली झाडं. पोलीस येऊन पंचनामा करतात आणि 'अज्ञात इसम' असं लिहून जातात. तो इसम पुढेही अज्ञातच राहतो.

माझी पाटाकडची ओळ गेली होती. सकाळी अर्धं गाव जमलं. सगळे हळहळत होते आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. हळहळ फार करणारा माणूस मला आधीपासून आवडत नाही. मग मी झाडांचे बुंधे पाहिले. काप सगळे तिरपे होते, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. आयुष्यभर केळी कापली आहेत मी. मोठ्यानं म्हणालो, "हाऊ डावरा हात शे."

 नाव घ्यायची गरजच नव्हती. गावात डाव्या हातानं विळा चालवणारा एकच माणूस, माझा चुलतभाऊ. त्याची बाग माझ्या बांधाला लागून आहे. त्या बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. तो तेव्हा बांधाच्या पलीकडे, त्याच्या बाजूला उभा होता. त्यानं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरी निघून गेला. मला वाटलं, खरा असता तर ओरडला असता. मग वाटलं, त्याच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो का? नसतो. मीही असाच निघून गेलो असतो. म्हणजे तेही कळेना.

संध्याकाळी माझे तिघं पुतणे आले. गणपतीच्या मंडळाचे काळे टी-शर्ट घातलेले. त्यांतल्या मोठ्या पुतण्यानं ओट्यावर बसत इकडेतिकडे पाहिलं.

"आबा, तुम्ही काही करू नका. फक्त हो म्हना. आम्ही बठ्ठं दखी लिसूत."

त्याचं बघून घेतो. नातीला मीच सांगितलेलं वाक्य माझ्याच ओट्यावर आलं. मला पहिला संशय पोरीवरच आला. आत जाऊन विचारलं, "तू तुझी ती गोष्ट यांना सांगितलीस का?"

"कोणाला? आबा, ते तिघं माझ्याशी बोलतात तरी का?"

खरं होतं. मी बाहेर आलो.

"काय दखी लिशात?" मी विचारलं.

"त्यानी बाग. कानबाईना पहिलेच काम व्हई जाई. कोनले पत्ता लागाव नही."

"रातभर कापत बसशात का?"

"रातभर काबर? एक ओळ पाडाले चहा पेतस तितला बी येळ नही लागस."

"तुले कसं माहीत?"

 धाकटा जमिनीकडे बघायला लागला. मधला म्हणाला, "आबा, काहीबी इचारतस तुम्ही." मी त्यांना म्हणालो, उद्या सांगतो. आयुष्यात मी फार थोड्या लोकांना उद्या सांगतो म्हटलं असेल.

कानबाई जवळ आली होती म्हणून घाई. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सगळ्या भाऊबंदकीचे मिळून रोट होतात. घरातल्या माणसागणिक मुठीनं मोजलेले गहू प्रत्येक भाऊबंद थोरल्या घरी आणून देतो. ते गहू एकत्र दळायचे आणि त्याचे रोट सगळ्यांनी एका पंगतीत खायचे; खाल्ल्यावर मग एकमेकाच्या वाईटावर जायचं नाही. एका घरचे गहू राहिले तर रोट पुरे होत नाहीत. थोरलं घर माझं. बोलणं बंद होतं त्या सगळ्या वर्षांत चुलतभाऊ दरवर्षी यायचा, गहू ठेवायचा, एक शब्द न बोलता जायचा. पंगतीतही बसायचा, माझ्यापासून लांब. या वर्षी मी सांगावाच धाडला नव्हता.

रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी नात चहा पिता पिता चिडलेली दिसली.

"काय झालं?"

"पान उलटं पाठवलंय त्यांनी. बघा, लोखंडी हात उजवा होता, तो डावा झाला. अख्खी टोळी डावरी झाली."

"हात कसा बदलेल?"

"हात कुठे बदलला, आबा? बघायची बाजू बदलली. आरशात दिसतं तसं."

मी चहा तसाच ठेवला आणि शेतात गेलो.

कापलेल्या ओळीशी उभा राहिलो. त्या दिवशी मी बांधाकडून आलो होतो, म्हणून कापणाराही बांधाकडून आला असं मी धरलं. कोणी सांगितलं? नदीकडूनही वाट आहे. मी ओळीच्या पलीकडे गेलो, नदीकडे पाठ केली आणि बुंध्यांकडे पाहिलं. उजवीकडे वर, डावीकडे खाली. उजव्या हाताचा सरळ काप. एका मेल्या बुंध्यावर दोन्ही बाजूंनी विळा मारूनही पाहिला. बांधाकडून पाहिलं की डावरा, नदीकडून पाहिलं की उजवा. झाड तेच.

चुलतभावावरचा माझा संशय काही गेला नाही. फक्त आता तो गावभर झाला. उजव्या हाताची माणसं गावात काय कमी आहेत? माझे तिघं पुतणेही उजव्या हाताचेच.

घरी येऊन नातीला विचारलं, "त्या विषवाल्याचं पुढे काय झालं?"

"म्होरक्या हो म्हणाला. मारलं त्याला."

"मग शहर वाचलं?"

"तेच तर त्यांना कळत नाही, आबा. तो खरंच विष टाकणार होता का, हे आता कोणाला विचारणार? तो तर मेला. पुढच्या भागात ते पाचही जण एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. चूक निघाली तर कोणाची, म्हणून."

"आणि म्होरक्या?"

"त्याला झोप लागत नाही."

मला तर हो न म्हणताच लागली नव्हती.

पुतणे पुन्हा आले, तसेच काळे टी-शर्ट. "आबा, काय ठरनं?"

"तुम्ही त्याले कापतांना दखं का?"

"तुम्हीच त सांगं ना, डावरा हात शे म्हनीसन!"

"सांगं. आते मीच सांगस, माले माहीत नही."

"म्हतारा फिरना," धाकटा पुटपुटला.

"हां, फिरनू. आनि कान उघडा ठेवीसन ऐका. त्यानी बागनं एक पान जरी तुटनं, तरी पोलिसले पहिले तुमनं नाव मी सांगसू. सख्खा पुतन्या म्हनीसन सोडाव नही."

मोठा तडकन उठला. "मंग तुमनी केळी कापनारा मोकळा सोडी देवाना?"

"सोडाना नही. दखत ऱ्हावानं. बठ्ठासकडे." 'सगळ्यांकडे' असं म्हणताना मी त्याच्याकडेच पाहिलं.  तो गाडीला जोरात किक मारून गेला.

मग मी रिकामी पिशवी घेतली आणि चुलतभावाच्या घरी गेलो. किती वर्षांनी त्याचा ओटा चढलो, ते आठवत नाही. तो खाटेवर बसून होता. उठला नाही.

"गहू दिधा नही तू," मी म्हणालो.

"बलावं कोनी?"

"कानबाई एकटा मन्हा घरनी शे का? भाऊबंदकीनी शे."

"भर गावम्हा माले चोर करं, आनि आते गहू मांगाले उना!"

"चोर म्हनं नही. डावरा हात म्हनं."

"गावम्हा डावरा मी एकटाच शे, भाऊ."

त्यानं मला भाऊ म्हटलं. रागानं म्हटलं, पण म्हटलं. मी त्याला बुंध्यांचं सांगितलं. बांधाकडून कसं दिसतं, नदीकडून कसं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हाई माले सांगीसन काय फायदा? गावसमोर बोलना व्हता, गावसमोर सांग."

"रोटना दिन सांगसू. पंगतम्हा, मोठ्यानं. पन तुन्हावरला संशय गया नही, हाई बी सांगसू."

तो हसला. बरं हसला नाही. "तू मरशी, पन वाकाव नही. मंग मन्हं बी ऐक. माले अडकाडाकरता तूच तुन्ही ओळ कापी नही, हाई कशावरून?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःची केळी? मी? हात उचलला जाणार होता. पण त्याच्या बाजूनं पाहिलं तर तेही बसत होतं. त्याला काय माहीत मी कुठे होतो.

"हाई बी पंगतम्हा बोल," मी म्हणालो.

"बोलसू."

आतून त्याची बायको सूप भरून गहू घेऊन आली. बहुतेक दारामागेच उभी होती. तिनं घरातल्या माणसागणिक मुठी मोजून पिशवीत टाकल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "लोकेसना रोट थंड व्हतस ना, मंग काय बोलशात ते थोडकाम्हा बोलज्यात."

पंगतीत आम्ही दोघंही बोललो, थोडक्यात. मी म्हणालो, काप डाव्या हाताचा असं मी बोललो ते चुकीचं होतं, पण कोण ते कळेपर्यंत संशयातून मी कोणालाच सोडलेलं नाही. तो म्हणाला, त्यानंही मला सोडलेलं नाही. पुतणे मान खाली घालून जेवत होते. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. एरवी आमच्या पंगतीत असं होत नाही.

माझी ओळ कोणी कापली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

त्याच्या बागेचे घड निघायला आले, तेव्हा रावेरहून ट्रक आला. मी सकाळपासून बांधावर जाऊन बसलो. माणसं घड खांद्यावर घेऊन निघत होती आणि मी एकेकाकडे बघत होतो. दुपारी तो बांधाजवळ आला.

"सकायपशी काय दखी राह्यना?"

"राखन करी राह्यनू."

"कोनापासून?"

"माले काय माहीत," मी म्हणालो.

 मग बांधाच्या त्याच्या बाजूला तोही बसला. शेवटचा घड ट्रकमध्ये चढेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.